तान्ह्या बाळाचे झटके : अंगारा नको, आधी साखर तपासा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. श्रावणातली संध्याकाळ होती. दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना एक आजीबाई पदराआड बाळ घेऊन आत आल्या. मागे बाळाचे वडील आणि मामा, दोघेही पावसाने भिजलेले. बाळ पाच दिवसांचे. मी दुपटे सोडले. बाळ ओठ मचमच हलवीत होते, जणू दूध ओढते आहे. तोंडात मात्र काही नव्हते. दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे चालले होते. डोळे एका बाजूला खिळलेले. मधेच श्वास थांबे, ओठ निळसर होत आणि पुन्हा श्वास सुरू होई.

"कधीपासून आहे हे?"

"तिसऱ्या रात्रीपासनं. आमाला वाटलं, सटवाई खेळवतीया. मग भावकीतल्या एकानं अंगारा दिला. आन् आज पाचवी होती, डॉक्टर. पूजा झाल्याबिगर बाळ उंबऱ्याभाईर कसं काढायचं?"

टाचेला टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेतला. साखर निघाली १८. नवजात बाळाची साखर साधारण ४५ च्या वर हवी. बाळाचे वजन दोन किलोलाही कमी. चौकशी केली तेव्हा सगळा उलगडा झाला. पहिल्या दोन दिवसांचा चीक 'घाण' म्हणून पिळून टाकला होता. दूध उतरले नाही म्हणून मधाचे बोट आणि घुटी एवढ्यावरच बाळाला ठेवले होते. तिसऱ्या दिवशी छातीला लावले, तर ते ओढेना. ओढण्याची ताकदच त्याच्यात उरली नव्हती.

शिरेतून ग्लुकोज दिले. साखर वर आली आणि झटके थांबले. घरच्यांना वाटले, बाळ बरे झाले. मला मात्र गेलेले दोन दिवस दिसत होते. सातव्या महिन्यात ते मूल पुन्हा आले. झोपेतून उठले की एकदम पुढे वाकून सलाम केल्यासारखे झटके, एकापाठोपाठ एक. नजर ठरत नव्हती. आईच्या तोंडाकडे ते बघत नव्हते. आज तो मुलगा शाळेच्या वयाचा आहे, पण शाळेत जात नाही. त्याची आई दर महिन्याला औषध न्यायला येते. एकदा तिने विचारले, "डॉक्टर, त्याच रात्री आणला असता तर?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

खरे उत्तर असे की, त्याच रात्री आणला असता तर बहुधा पुष्कळ काही वाचले असते. आणि पहिल्या तासात चीक पाजला असता, तर बहुधा ती रात्रच आली नसती. हे उत्तर त्या माउलीला देऊन आता उपयोग नाही. परंतु वाचकहो, आपल्या घरात किंवा शेजारी येत्या महिन्यात कुणीतरी बाळंत होणार असेल. त्यांच्यासाठी ते आज लिहितो आहे.

झटका म्हणजे काय?

जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला आम्ही नवजात म्हणतो. पूर्ण दिवसांच्या हजार बाळांमागे साधारण एक ते पाच बाळांना या काळात झटके येतात. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांत हे प्रमाण याहून जास्त असते. आयुष्यात झटके येण्याचा सर्वांत मोठा धोका कोणत्या काळात असेल, तर तो या पहिल्या महिन्यातच.

मेंदूचे काम सूक्ष्म विजेवर चालते. पेशी एकमेकींना ठराविक क्रमाने निरोप देतात. हा क्रम बिघडला आणि पुष्कळ पेशी एकदम, बेताल निरोप देऊ लागल्या की झटका येतो. मोठ्या माणसाला फिट आली तर तो खाली पडतो, अंग ताठ होते, हातपाय आपटतात, तोंडाला फेस येतो. नवजात बाळात असे सहसा दिसत नाही. विजेच्या तारेला रबराचे वेष्टण असते, तसे मज्जातंतूंनाही असते. बाळात ते अजून तयार व्हायचे असते. म्हणून मेंदूच्या एका भागात उठलेली खळबळ नीट सगळीकडे पोचत नाही. बाहेर दिसतात ती बारीकसारीक चिन्हे. नुसते ओठ चोखणे, डोळे एका बाजूला वळून खिळणे, पापण्यांची फडफड, पाय सायकलसारखे किंवा हात पोहल्यासारखे चालणे, एकाच हाताला किंवा पायाला ठेक्यात हिसके बसणे, अंग ताठरणे, किंवा मधेच श्वास थांबणे. यातले काही तर इतके सौम्य असते की आजीला ते बाळाचे खेळणे वाटते. कित्येक झटके बाहेरून मुळीच दिसत नाहीत. मेंदूचा विद्युत्‌आलेख, म्हणजे ईईजी काढला तरच कळतात.

आता उलटही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून उगाच धावपळ व्हायची. बाळाचे प्रत्येक थरथरणे म्हणजे झटका नव्हे. दार आपटले, दुपटे ओढले की बाळाचे हातपाय थरथरतात. अशा वेळी तो हात आपल्या मुठीत हळुवार धरावा. थरथर थांबली आणि डोळे नेहमीसारखे असले, तर तो बहुधा झटका नव्हे. मुठीत धरूनही आतून ठेका चालूच राहिला, डोळे खिळले, श्वास अडला किंवा रंग बदलला, तर तो झटका समजावा. काही बाळांना फक्त झोपेत हिसके बसतात आणि जागे केले की लगेच थांबतात. हे निरुपद्रवी असतात आणि काही महिन्यांत आपोआप जातात. मात्र साधी थरथरसुद्धा वारंवार होत असेल, तर साखर आणि कॅल्शियम तपासून घ्यावे.

कारणे कोणती?

झटका हा स्वतः रोग नाही. दारावर कुणीतरी थाप मारावी तशी ती थाप आहे. कोण आले आहे हे दार उघडून बघावे लागते. अंगारा लावणे म्हणजे दार न उघडता कडी घालून बसणे होय. दारापलीकडे कोण आहे याचा अंदाज बऱ्याचदा बाळाच्या वयावरून बांधता येतो.

पहिल्या एक-दोन दिवसांत झटके आले, तर सर्वांत आधी संशय येतो तो जन्माच्या वेळी गुदमरल्याचा. बाळ उशिरा रडले, निळे पडले होते, नाळेचा वेढा होता, कळा फार वेळ चालल्या, असा इतिहास मिळतो. मेंदूला प्राणवायू आणि रक्त कमी पडलेले असते. नवजात बाळाच्या झटक्यांचे जगभर हेच सर्वांत मोठे कारण आहे. काही बाळांत मेंदूची रक्तवाहिनी बंद होते, म्हणजे मोठ्यांना येतो तसा लकवा. तर काहींत, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांत, मेंदूत रक्तस्राव होतो.

पहिल्या तीन दिवसांत दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे रक्तातील साखर कमी होणे. कमी वजनाची बाळे, मधुमेही आईची बाळे, थंडी लागलेली बाळे आणि दूध न मिळालेली बाळे यांना हा धोका असतो. मेंदूचे इंधन साखर. ती संपली की मेंदूच्या पेशी मरू लागतात आणि त्यातही डोकीच्या मागच्या बाजूच्या, म्हणजे दृष्टीशी संबंधित पेशींवर पहिला घाला पडतो. वर सांगितलेल्या मुलाची नजर त्यामुळेच गेली. मुंबईचे बालमेंदूतज्ज्ञ डॉ. व्रजेश उदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली 'इंडियन पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात हेच मांडले की, लहान वयात सुरू होणाऱ्या अपस्माराचे एक प्रमुख कारण म्हणजे जन्मानंतर साखर कमी होऊन झालेली मेंदूची इजा. म्हणजे हे दुखणे आपल्याच दारातले आहे.

पहिल्या आठवड्यात आणि त्यानंतर झटके आले तर मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग झाला आहे का ते बघावे लागते. तान्ह्या बाळाला अशा वेळी ताप येतोच असे नाही. उलट अंग गार पडते, बाळ दूध सोडते, मलूल होते. पाठीतून पाणी काढून तपासल्याशिवाय याची खात्री होत नाही. "पाठीत सुई मारली की मूल लुळे होते" ही समजूत साफ चुकीची आहे. मूल लुळे होते ते न ओळखलेल्या आजाराने. तीव्र कावीळही मेंदूत शिरून असे करू शकते. बाळाला वरचे गाईचे किंवा म्हशीचे दूध पाजल्यास त्यातील जास्त फॉस्फरसमुळे रक्तातील कॅल्शियम घसरते आणि आठवड्याच्या आसपास झटके येतात. आईच्याच अंगात ड जीवनसत्त्व कमी असेल तर हे अधिक होते.

जुन्या पिढीने पाहिलेला एक आजार येथे आठवतो. नाळ विळ्याने कापायची, वर शेण किंवा राख लावायची आणि सातव्या-आठव्या दिवशी बाळ धनुर्वाताने ताठ होऊन जायचे. लोक म्हणत, सटवाईने नेले. गरोदर बायांना लस मिळू लागली, नाळ स्वच्छ पात्याने कापली जाऊ लागली आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने माता व नवजात बाळाच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे मान्य केले. सटवाई तीच, पाचवीची पूजाही तीच. बदलले ते पाते आणि सुई. यावरून काय समजायचे ते सुज्ञ वाचकांनी समजावे.

आईला दोष देऊ नका

बाळाला झटके आले की घरात पहिला प्रश्न येतो, "हिने ग्रहणात काही चिरले होते का?" दुसरा प्रश्न, "हिच्या माहेरी कुणाला मिरगी आहे का?" ओली बाळंतीण, अंगात त्राण नाही, कुशीतले बाळ दवाखान्यात, आणि तिच्यावरच खटला! ग्रहणाचा आणि झटक्याचा काडीचा संबंध नाही.

आनुवंशिक कारणे असतात, परंतु ती थोड्या बाळांत आणि दोन्हीकडून येऊ शकतात. एक प्रकार तर असा आहे की, बाळाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटके येतात, मधल्या वेळात बाळ ठणठणीत असते आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत झटके थांबतात. अशा घरात विचारावे, तर वडिलांची आई सांगते, "अहो, ह्यालाही तान्हेपणी असंच झालं होतं!" या प्रकाराला कारणीभूत जनुक १९९८ साली सापडले. म्हणजे माहेर शोधत बसलेल्यांना उत्तर सासरी मिळते. अशा वेळी डॉक्टरांनी आजीशी पाच मिनिटे बोलावे. महागड्या तपासणीआधी ते फुकटचे निदान असते.

शरीरातील रसायनांचे काही जन्मजात दोष मात्र गंभीर असतात. आईबाप दोघांत तोच दोष लपलेला असेल तरच ते बाळात उतरतात. म्हणून मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडील प्रथा येथे नडते. एका दुर्मिळ प्रकारात कुठल्याच औषधाने झटके थांबत नाहीत; पण साध्या बी-६ जीवनसत्त्वाने थांबतात. १९५४ सालापासून हे वैद्यकाला ठाऊक आहे. झटके हटता हटत नसतील तर हे स्वस्त जीवनसत्त्व देऊन पाहणे बालरोगतज्ज्ञ विसरत नाहीत, त्याचे कारण हे.

उपचार आणि पुढचे भविष्य

झटके आलेल्या बाळाला आम्ही आधी श्वास, ऊब आणि साखर बघतो. साखर कमी असेल तर शिरेतून ग्लुकोज, कॅल्शियम कमी असेल तर कॅल्शियम, संसर्गाचा संशय असेल तर लगेच प्रतिजैविके. एवढ्याने झटके थांबले नाहीत तर झटक्यांचे औषध. आश्चर्य वाटेल, पण यातले पहिले औषध आजही फेनोबार्बिटोन आहे, जे १९१२ पासून वापरात आहे. नवे लेव्हेटिरासिटाम त्याच्याशी ताडून पाहिले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जुन्या औषधाने ८० टक्के बाळांचे झटके २४ तास थांबले, नव्याने २८ टक्के. तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी "जुनेच औषध" दिले म्हणून नाराज होण्याचे कारण नाही.

"आमचं बाळ पुढे कसं होईल?" हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो. याचे उत्तर झटक्यात नसून झटक्याच्या कारणात आहे. वरच्या दुधाने कॅल्शियम घसरून आलेले झटके वेळीच उपचार झाल्यास मागे काही ठेवत नाहीत. वर सांगितलेल्या कौटुंबिक प्रकारातील बहुतेक मुले शाळेत इतरांसारखीच असतात. साखर किती कमी होती आणि किती वेळ कमी होती, यावर त्या बाळाचे भवितव्य ठरते. गुदमरण्यामुळे झटके आलेल्या बाळांत सौम्य इजेची बाळे चांगली होतात. तीव्र इजेत मात्र मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व यांचे प्रमाण मोठे असते. मेंदूची घडणच जन्मतः बिघडलेली असेल तर भवितव्य कठीणच. झटके आलेल्या सगळ्या बाळांचा विचार केला तर ढोबळमानाने सहातल्या एकाला पुढे अपस्मार जडतो. म्हणजे पाच जणांना जडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून मला दोन्ही टोकांची माणसे खटकतात. एक म्हणतात, "झटके आले ना, आता हे वेडंच होणार," आणि बाळ, विशेषतः मुलगी असली तर, घरी घेऊन जातात. दुसरे म्हणतात, "थांबले ना झटके, आता कशाला दाखवायचं?" आणि पुन्हा फिरकत नाहीत. दोन्हीत नुकसान बाळाचेच. झटके आलेल्या प्रत्येक बाळाची निदान दोन वर्षे तपासणी व्हायला हवी : मान कधी धरली, नजर ठरते का, ऐकू येते का, डोक्याचा घेर वाढतो का. उशीर दिसला तर व्यायाम आणि उत्तेजन जितक्या लवकर सुरू होईल तितके बरे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू झाली आहेत. तेथे ही तपासणी मोफत होते.

औषधाचीही एक गोष्ट. पूर्वी एकदा झटका आला की वर्ष-दोन वर्षे औषध चालू ठेवण्याची पद्धत होती. आता मत बदलले आहे. साखर, कॅल्शियम, गुदमरणे अशा तात्पुरत्या कारणाने झटके आले असतील आणि ते थांबले असतील, तर बाळ घरी जाण्यापूर्वीच औषध बंद करता येते, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२३ मध्ये सांगितले. मात्र हा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. आपल्या मनाने बाटली बंद करू नये, तशीच तीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे भरूनही आणू नये.

यंत्रांची वाट पाहू नका

आता थोडे स्पष्ट बोलतो. गुदमरलेल्या बाळाचे अंग ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार पाश्चात्त्य देशांत यशस्वी झाला. आपल्याकडेही तो आणावा अशी मागणी होऊ लागली. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर त्याचा रीतसर अभ्यास झाला आणि २०२१ साली निष्कर्ष आले. थंड केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. म्हणजे फायदा तर नाहीच, उलट मृत्यू वाढले. आपल्या बाळांची इजा बाळंतपणाच्या आधीपासून, हळूहळू होत आलेली असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे. तात्पर्य एवढेच की, येथे नंतरच्या यंत्रावर विसंबून चालणार नाही. गुदमरणेच टाळले पाहिजे.

आणि ते टाळता येते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेमार्फत गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केले. बाळ रडले नाही तर श्वास कसा द्यायचा, ऊब कशी ठेवायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कसे द्यायचे, हे त्या शिकल्या. ३९ गावांतील या कामाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. जेमतेम शिकलेल्या बाया हे करू शकतात, तर आपल्या तालुक्यातील प्रसूतिगृहांना ते अवघड का जावे?

माझ्या मते जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात, सरकारी असो वा खासगी, चार गोष्टी असल्याच पाहिजेत. एक, बाळाच्या मापाची श्वास देण्याची पिशवी आणि मुखवटा, आणि तो वापरता येणारी एक व्यक्ती रात्रीसुद्धा हजर. दहातल्या एका बाळाला जन्मतः थोडीफार मदत लागते आणि ती पहिल्या मिनिटात लागते. दोन, साखर तपासायची पट्टी. मधुमेही आजोबांसाठी ती घरोघरी असते आणि बाळंतपणाच्या खोलीत नसते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. तीन, सिझेरियन झाले तरी पहिल्या तासात बाळ छातीला. "आई गुंगीत आहे" ही सबब परिचारिकेच्या मदतीने दूर होते. चार, "लवकर मोकळी करा" या नातेवाइकांच्या आग्रहाखातर कळांचे इंजेक्शन देणे बंद. बाळाचे ठोके न मोजता दिलेले ते इंजेक्शन गर्भाशय आवळते आणि आतल्या बाळाचा श्वास तोडते. यात आम्हा डॉक्टरांचा दोष आहेच. पण घाई करणाऱ्या नातेवाइकांचाही आहे. घड्याळ आपल्या सोयीसाठी असते, बाळासाठी नव्हे.

घरी काय करावे?

बाळाला झटका आला असे वाटले तर घाबरून जाऊ नका. बाळाला कुशीवर वळवा, तोंडातली लाळ किंवा दूध स्वच्छ कापडाने टिपा. घड्याळात वेळ बघा. आता बहुतेक घरांत मोबाइल आहे, तेव्हा अर्धा मिनिट चित्रण करून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत झटका थांबलेला असतो आणि त्या चित्रणाने निदान सोपे होते. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घ्या आणि निघा. १०८ किंवा १०२ क्रमांकाची गाडी बोलवा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचा उपचार आणि प्रवास मोफत आहे. शक्यतो नवजात शिशू विभाग असलेल्या रुग्णालयातच न्या. जन्माचा कागद, आईची कागदपत्रे आणि स्वतः आई बरोबर हवी.

झटका चालू असताना तोंडात दूध, पाणी, साखर काहीही घालू नका; ते फुप्फुसात जाते. कांदा, चप्पल हुंगवू नका. बिब्बा किंवा विळ्याचा डाग देऊ नका. मी असे डाग पाहिले आहेत. त्यांनी झटका कधी थांबलेला पाहिला नाही. एरवीही वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. त्यातून विषारी जंतूंची बाधा होऊ शकते.

आणि झटका येऊच नये म्हणून? बाळंतपण रुग्णालयात. मधुमेह, रक्तदाब यांची गरोदरपणी तपासणी. जन्मल्याबरोबर बाळ पुसून कोरडे, आईच्या अंगाशी. पहिल्या तासात चीक. त्यानंतर रात्रंदिवस दोन-तीन तासांनी छातीला. बाळ ओढत नसेल तर चीक वाटीत पिळून चमच्याने पाजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आशाताई ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी घरी येतात, त्यांना बाहेरूनच परत पाठवू नका. बाळाला दुपट्यातून बाहेर काढून दाखवा.

पाचवीची पूजा करू नका, असे मी म्हणत नाही. श्रद्धा ज्याची त्याने जपावी. परंतु बाळाला झटका आला असेल तर पूजा सहाव्या दिवशी केली तरी देवी रागावणार नाही. ज्या देवीने त्या बाळाच्या कपाळी आयुष्य लिहायचे, तिला बाळ जिवंत आणि डोळस हवे असेल, एवढे तरी आपण धरून चालू या.

पुढील आठवड्यात : बाळाची कावीळ, केव्हा साधी आणि केव्हा धोक्याची.